माल बोटीत चढण्याआधी नावाची तयारी

पहिला पाऊस लागला, आमसुलं डब्यात भरून झाली की सिंधुदुर्गातल्या आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांना थोडी उसंत मिळते. कोकम सरबत, आंबापोळी, काजू परदेशी पाठवायचं मनात असेल तर ट्रेडमार्कची, म्हणजे ब्रँडचं नाव आणि चिन्ह नोंदवायची, कामं याच दिवसांत उरका. हंगाम सुरू झाल्यावर कोणाला वेळ नसतो.

आधी ब्रँड कोणाच्या नावावर आहे ते बघा. जमीन आजोबांची, धंदा दोघा भावांचा, ट्रेडमार्क वहिनींच्या नावावर आणि निर्यात करणारी कंपनी चौथीच, असं आपल्याकडे सर्रास असतं. माद्रिद पद्धतीने, म्हणजे जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेमार्फत, एकाच अर्जात अनेक देशांत नोंदणी मागता येते, भारत २०१३ पासून त्यात आहे. पण इथल्या नोंदणीचा किंवा अर्जाचा जो मालक, त्यालाच तो अर्ज करता येतो. सातबारा सरळ करून घेतो तसंच हेही आधी सरळ करून घ्यावं. ज्याने लोगो काढून दिला त्याच्याकडून हक्क सोडल्याचं लेखी घ्या, भाचा असला तरी.

मग चिन्ह स्वतः तपासा. बाहेर मागाल ते चिन्ह इथल्या चिन्हाशी हुबेहूब जुळावं लागतं. इथे फक्त देवनागरी रंगीत लेबल नोंदवलं असेल तर बाहेरही तेवढंच मिळेल. म्हणून नाव रोमन अक्षरांत, काळ्यापांढऱ्यात, वेगळं नोंदवा आणि स्पेलिंग एकच ठेवा. जिनिव्हाचं मूळ शुल्कही काळ्यापांढऱ्याला ६५३ स्विस फ्रँक आहे, रंगीत चिन्हाला ९०३. देशांचं शुल्क वेगळं, आणि आपल्या भारतातल्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीचे ५,००० रुपये. नोंदणी मालाच्या ठरलेल्या वर्गांत होते, तेही नीट निवडा: सरबत ३२ मध्ये, आमसुलं आणि भाजलेले काजू २९ मध्ये, मसाले ३०, ताजा आंबा ३१.

‘हापूस’ किंवा ‘सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम’ हे शब्द तुमचा ब्रँड होऊ शकत नाहीत. ती भौगोलिक मानांकनं आहेत, सगळ्या बागायतदारांच्या मालकीची. अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवून ती लेबलवर जरूर लावा, पण ब्रँडसाठी स्वतःचा घडवलेला शब्द हवा. तो सापडला की जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या फुकट डेटाबेसमध्ये शोधून बघा, आणि त्या देशातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला फोनवर मोठ्याने उच्चारायला सांगा.

आता देशांचा क्रम, आणि इथेच माझा जीव तुटतो. आम्ही आखातात माल पाठवायला लागलो तेव्हा तिथल्या आयातदाराने आपुलकीने सांगितलं, नावाचं मी बघतो. त्याने बघितलं, स्वतःच्या नावावर. दोन वर्षांनी दुसऱ्या व्यापाऱ्याला पाठवलेल्या पेट्या बंदरात अडल्या. आईने हाताने चिकटवलेली लेबलं होती त्यांवर. त्या देशात आजही आमचं सरबत दुसऱ्याच नावाने विकलं जातं. म्हणून वितरकाशी करार करण्याआधी अर्ज करा, आणि करारात स्पष्ट लिहा की नाव आमचं, वितरकाने ते कुठेही नोंदवायचं नाही. आधी माल जातो ते देश, मग दोन वर्षांत जाईल ते. संयुक्त अरब अमिराती डिसेंबर २०२१ पासून माद्रिदमध्ये आहे, कतार २०२४ पासून. युरोपीय संघाच्या एका नोंदणीत २७ देश येतात, ब्रिटन मात्र आता वेगळा धरा. चीनमध्ये विकत नसाल पण बाटल्या किंवा डबे तिथून बनवून घेत असाल तर तिथेही अर्ज हवा, कारण तिथे आधी अर्ज करणाऱ्याचं पारडं जड असतं.

भारतातला पहिला अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत बाहेर अर्ज केला तर तीच जुनी तारीख धरली जाते. पण पहिली पाच वर्षं बाहेरच्या नोंदण्या इथल्या नोंदणीवर उभ्या असतात. ती पडली की त्याही पडतात, आणि त्या देशांत स्वतंत्र अर्जांत बदलून घ्यायला तीनच महिने मिळतात. इथल्या अर्जावर कोणी हरकत घेतली तर ती अंगावर काढू नका.

एक फाईल करा. पहिलं बिल, पहिलं लेबल, प्रदर्शनातल्या स्टॉलचे फोटो, शिपिंग बिलं, सगळं तारखेसकट. वापर दाखवता आला नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते, चीनमध्ये तीन वर्षांनी, युरोपीय संघात पाच. अमेरिकेत पाचव्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान वापराचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नूतनीकरण दर दहा वर्षांनी. बाटलीवर वर्तुळातला आर (®, नोंदणी झाल्याची खूण) त्याच देशात छापा जिथे नोंदणी झाली आहे, तोवर टीएम पुरे. या सगळ्या तारखा घरातल्या एफडीच्या वहीतच लिहून ठेवा, ती वही कोणी विसरत नाही.