ग्रामसभेत काम करायला येताय? माझी धानोऱ्यातली दोन वर्षं

एमएसडब्ल्यूचं (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचं) शेवटचं सत्र संपत आलं की कॉलेजच्या मुलामुलींचे मला फोन येतात. "गडचिरोलीत ग्रामसभांसोबत काम करायचंय. तिथं नक्की काय करावं लागतं?" मी सांगलीची. २४व्या वर्षी एका छोट्या संस्थेमार्फत धानोरा तालुक्यात गेले आणि दोन वर्षं राहिले. त्याआधी ग्रामसभेच्या कारभारासाठी गाजलेल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल वाचलं होतं, वर्गात त्यावर सादरीकरणही केलं होतं. तरी पहिल्याच मोठ्या सभेत मी चुकले. तिथूनच सांगते, कारण येणारा जवळजवळ प्रत्येक जण तीच चूक करतो.

माझं गाव मेंढा नव्हे, त्याच तालुक्यातलं दुसरं. नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. चाळीस घरं, सगळी गोंड. तेंदूपत्त्याचा (विडीच्या पानांचा) हंगाम संपला होता आणि ग्रामसभेने स्वतः लिलाव केलेल्या पानाचे पैसे जमा झाले होते. मजुरी घरोघरी कशी वाटायची आणि त्यातला किती हिस्सा ग्रामकोषात ठेवायचा, हा विषय. लोक जेवून आले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. साडेअकरापर्यंत बोलणं चाललं. कुटुंबप्रमुखाच्या खात्यावर पैसे टाकायचे, असं बहुतेकांचं मत होतं. दोन घरं तयार नव्हती. त्यांतली एक बाई "नाही" एवढंच म्हणत होती, कारण सांगत नव्हती. नोंदवही माझ्या मांडीवर होती. मी म्हटलं, "चाळीसपैकी अडतीस घरं तयार आहेत. ठराव लिहून टाकू का?"

एक म्हातारे दादा माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "ताई, मग ते दोन घरं उद्या कुठी रायतीन?"

सभा उठली. ठराव झाला नाही.

मला वाटलं, काम अडलं. पुढचे पाच आठवडे काय झालं, ते मला उशिरा उमगलं. गावातल्या दोन-तीन बायका त्या बाईच्या घरी जाऊन बसायच्या. धानाच्या बांधीवर (भाताच्या शेतात) बोलणं व्हायचं. हळूहळू कळलं की पहाटे चारला उठून पानं तोडायची तिने, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे तिने, फळीवर (पानं मोजून घेतात त्या जागी) न्यायचे तिनेच. पण खातं नवऱ्याच्या नावावर, आणि ते पैसे घरात कधी दिसायचेच नाहीत. भर सभेत नवऱ्यासमोर ती हे बोलणार कशी? शेवटी ठराव झाला तो वेगळाच: ज्याने पान तोडलं त्याच्याच खात्यावर मजुरी, आणि ज्या बायकांचं खातं नाही त्यांचं रोवणीच्या (भातलावणीच्या) आत उघडायचं. अडतीस-दोनने त्या रात्री काम उरकलं असतं, तर हा प्रश्न कुणाला दिसलाच नसता.

याला तिथे सर्वसहमती म्हणतात. बहुमताने निर्णय झाला की हरलेली घरं त्याच गावात, त्याच विहिरीवर, मनात राग धरून राहतात. जंगलाला आग लागली तर विझवायला चाळीसही घरं लागतात, आणि रागावलेलं घर येत नाही. त्यामुळे सर्वसहमतीकडे फक्त चांगुलपणा म्हणून बघू नका. छोट्या गावाची ती रोजची गरज आहे.

मेंढ्याने ही रीत फार आधी धरली. १९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. त्यातून जागी झालेली माणसं आपल्या गावाच्या कारभाराकडे वळली. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी एका बाजूला, आणि गावाकडून शिकायला आलेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते दुसऱ्या बाजूला. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. गोंडीत म्हणतात, 'मावा नाटे मावा राज'. घोषणा सगळ्यांना पाठ असते. मला तिच्यापेक्षा मोलाचा वाटतो तो अभ्यास गट.

अभ्यास गटात कुणीही बसावं: गावातलं, बाहेरचं, शिक्षक, वनखात्यातला माणूस, तुमच्यासारखे विद्यार्थी. कायदा वाचायचा, आकडे बघायचे, पोटभर वाद घालायचा. पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेचा, आणि तिथे बाहेरच्याला मत नाही. पोळ्याची नासधूस न करता मध कसा काढायचा, हासुद्धा मेंढ्यात अभ्यासाचा विषय झाला होता. नव्याने येणाऱ्याने ही एक रेघ पक्की लक्षात ठेवावी. तुमच्याकडे माहिती आहे, इंग्रजी येतं, लॅपटॉप आहे, तहसील कार्यालयात तुम्हाला खुर्ची मिळते. पद नसलं तरी एवढ्यानेच तुम्ही वरचढ ठरता. म्हणून जे माहीत आहे ते अभ्यास गटात सगळं ओतावं आणि ग्रामसभेत विचारल्याशिवाय बोलू नये. मला हे अंगवळणी पडायला आठ महिने लागले.

कायदा मात्र येण्याआधीच वाचा. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, १९९६चा, वनहक्क कायदा २००६चा. या दोन्हींत ग्रामसभा म्हणजे पाच-सहा गावांच्या गटग्रामपंचायतीची सभा नव्हे, तर एका वस्तीची, टोल्याची सभा. मेंढा लेखा ग्रामपंचायतीत येतं, पण त्याची ग्रामसभा त्याची स्वतःची. सगळ्यांना सगळ्यांची तोंडं माहीत असतील एवढा गट छोटा असेल तरच सर्वसहमती चालते. २०१२च्या सुधारित नियमांप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बायका लागतात. कोरम भरला म्हणून सहमती झाली, असं मात्र मानू नका.

२००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा मान पहिल्यांदा मिळालेल्या गावांपैकी ते एक. पण बांबू तोडून विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. त्यावर झगडा झाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे सोपवलं. पुढे २०१३ मध्ये गावाने महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली, म्हणजे विनोबांच्या मार्गाने, शेतजमिनीची मालकीही ग्रामसभेकडे देण्याचं ठरवलं. स्वतःचा सातबारा सोडायचा, तोही सगळ्यांनी, एकमताने. पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट किती मोठी वाटते, हे मी निराळं सांगायला नको. आमच्याकडे बांधाच्या वीतभर मातीसाठी भाऊ कोर्टात जातात.

आता रोजचं काम. जिल्ह्यात हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत, आणि त्यांना माणसं हवी आहेत. जीपीएस घेऊन सीमा फिरणं, व्यवस्थापन आराखडा लिहिणं, बांबू-तेंदूच्या लिलावाची जाहिरात काढणं, कंत्राटदाराशी करारनामा, पॅन कार्ड, बँकेचे व्यवहार, ऑडिट. सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं ते हिशेब ठेवणं. ज्याला जमाखर्च गोंडीत, तोंडी, म्हाताऱ्या आजीलाही समजेल असा वाचून दाखवता येतो, त्याच्यावर गावाचा विश्वास बसतो. सगळ्यांसमोर वाचून न दाखवलेला हिशेब चार माणसांच्याच हातात राहतो, आणि बघता बघता गावात मालक तयार होतात. गोंडी शिका. पहिल्या दिवसापासून "जोहार" म्हणा आणि पुढचं रोज थोडं थोडं. मानधनात आई-वडिलांना पैसे पाठवणं मला जमलं नाही, हे आधीच माहीत असावं. मच्छरदाणी न्या, तिथला मलेरिया साधा नसतो. रोवणीत आणि तेंदूच्या दिवसांत बैठका लावू नका.

एक अडचण मला शेवटपर्यंत सुटली नाही. कुणी साहेब नाही म्हणून सगळे सारखे, असं होत नाही. जुन्या मानाच्या घराचा शब्द जड असतो. शिकलेल्या पोरांचा आवाज मोठा असतो. नवीन लग्न होऊन आलेल्या सुना मागे बसतात आणि त्यांच्या गप्प राहण्यालाच होकार समजलं जातं. बाहेरचा कंत्राटदार चार घरांना आगाऊ पैसे देऊन जातो आणि पुढच्या सभेत ती चार घरं एकाच सुरात बोलतात. मी एक सवय लावून घेतली: सभेत कोण काय बोललं याच्या शेजारी, कोण बोललं नाही त्यांची नावं लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात जाऊन बसायचं. विचारायचं काही नाही. नुसतं बसायचं, हाताला काम मागून घ्यायचं.

हे लिखाण छापायला द्यायचं का, हे मी गावाला विचारलं. तिथे बाहेरच्याने गावाबद्दल लिहायचं तर ग्रामसभेची परवानगी लागते आणि लिहिलेलं आधी गावाला दाखवावं लागतं. मागच्या महिन्यात जाऊन हे सगळं वाचलं आणि एका मुलीने ते गोंडीत सांगितलं. गावाचं नाव घालू नका म्हणाले, ते काढलं. मानाच्या घरांबद्दलच्या ओळींवर बराच वेळ चर्चा झाली, पण त्या राहू द्या असं ठरलं.

मग मागून एक बाई उठली. माझ्या दोन वर्षांत सभेत तिला बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"अडतीस नोको लिहू," ती म्हणाली. "सदतीस लिव्ह. आमचंबी घर तयार नव्हतं."

त्या दिवशीच्या माझ्या यादीत तिचं नाव नाही.