सीएफए लेव्हल वन आणि जीमॅट एकाच सहामाहीत: तारखा, तास आणि सवयींचा मेळ

दोन परीक्षा म्हणजे वेळ निम्मा-निम्मा वाटायचा, असं बहुतेक जण धरून चालतात आणि तिथेच गाडं अडतं. सीएफए म्हणजे गुंतवणूक-विश्लेषणाची व्यावसायिक पात्रता. तिची पहिली पायरी, लेव्हल वन, ही मोठ्या आवाक्याची परीक्षा आहे. दहा विषय, १८० प्रश्न आणि वर्षातून चारच सत्रं: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. जीमॅट ही एमबीएसारख्या अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा. तिचा अभ्यासक्रम त्यामानाने थोडका, पण हात रोज चालता ठेवावा लागतो. तारीख मात्र वर्षभरात जवळपास कधीही मिळते आणि स्कोअर पाच वर्षं चालतो. म्हणून आधी सीएफएचं सत्र पक्कं करा आणि जीमॅट त्याच्या अलीकडे बसवा. सीएफएचे शेवटचे दोन-अडीच महिने दुसऱ्या कशालाही जागा ठेवत नाहीत.

आता तासांचा हिशोब. सीएफए इन्स्टिट्यूट स्वतःच एका लेव्हलसाठी साधारण ३०० तास सांगते. गणिताचा पाया ठीकठाक असेल तर जीमॅटला ११० ते १२० तास धरा. नोकरी सांभाळून आठवड्याला १६ तास निघतात: कामाच्या पाच दिवशी दोन-दोन, शनिवार-रविवार तीन-तीन. असे २६ आठवडे हाताशी हवेत. पहिले १४ आठवडे दोन्ही परीक्षांना आठ-आठ तास द्या. सकाळी एक तास जीमॅट, संध्याकाळी एक तास सीएफए, शनिवार जीमॅटचा, रविवार सीएफएचा. चौदाव्या आठवड्याच्या शेवटी जीमॅट द्या. उरलेले १२ आठवडे सगळे १६ तास सीएफएला. बेरीज होते जीमॅट ११२ आणि सीएफए ३०४.

चौदावाच आठवडा का? जीमॅट पुन्हा द्यायची झाली तर मधे १६ दिवस जावे लागतात. म्हणजे दुसरा प्रयत्न सतराव्या आठवड्यात बसतो आणि तरीही सीएफएसाठी नऊ आठवडे शिल्लक राहतात. त्या मधल्या काळात आठवड्याला चारच तास जीमॅटला द्या, जास्त नाही. जीमॅट विसाव्या आठवड्यापर्यंत रेंगाळली तर सीएफएची उजळणी बुडाली म्हणून समजा.

पहिल्या टप्प्यात सीएफएचे कोणते विषय घ्यायचे, हे ठरवताना पुस्तकांच्या क्रमाने जाऊ नका. जे विषय समजायला वेळ घेतात आणि एकदा समजले की सहसा विसरत नाहीत, ते आधी: क्वांटमधलं (गणिती पद्धतींमधलं) पैशाचं कालमूल्य, मग फायनान्शियल स्टेटमेंट अॅनालिसिस (कंपनीचे हिशोब वाचणं), मग फिक्स्ड इन्कम (बाँड, म्हणजे कर्जरोखे). व्याख्या आणि नियमांचं पाठांतर आज करून चार महिन्यांनी उरत नाही. त्यामुळे एथिक्स (व्यावसायिक नीतिनियम), अल्टरनेटिव्ह (शेअर-बाँडपलीकडच्या गुंतवणुका) आणि पोर्टफोलिओ मॅनेजमेंट शेवटच्या टप्प्यात. एथिक्सचं वजन १५ ते २० टक्के आहे, सगळ्यांत जास्त. ते शेवटच्या चार आठवड्यांत एकदा पूर्ण आणि परीक्षेच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचा.

खरी अडचण वेळेपेक्षा सवयींची आहे. एका परीक्षेत कामी येणारी सवय दुसरीत नडते, आणि कॅल्क्युलेटर हे त्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण. सीएफएला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए २ प्लस किंवा एचपी १२सी चालतो आणि महिनाभरात बोटं आपोआप तिकडे वळू लागतात. जीमॅटच्या क्वांट विभागात कॅल्क्युलेटरच नाही. स्क्रीनवरचा मिळतो तो फक्त डेटा इनसाइट्स या तक्ते-आकडे वाचण्याच्या विभागात. म्हणून सकाळच्या तासात कॅल्क्युलेटर दुसऱ्या खोलीत ठेवा. ८४० चे १५ टक्के म्हणजे ८४ आणि त्याचे निम्मे ४२, एकूण १२६, हे कागदाशिवाय जमलं पाहिजे.

बीए २ प्लस घेतला की तीन गोष्टी लगेच तपासा. दशांशस्थळं मुळात दोनच दिसतात, फॉरमॅटमध्ये जाऊन नऊ करा. गणनपद्धत ‘चेन’ (टाइप केलं त्या क्रमाने) असते, त्यात ३ + ४ × २ चं उत्तर १४ येतं. ‘एओएस’ (आधी गुणाकार, मग बेरीज) केली की ११ येतं. वर्षातले हप्ते, म्हणजे पी/वाय, १ वर आहेत ना ते पाहा. आणि व्याजदर काढताना ‘एरर ५’ आला तर गणित चुकलेलं नसतं. गेलेले आणि आलेले पैसे एकाच चिन्हाने भरलेले असतात. बाँड विकत घेताना पैसे जातात, म्हणून पीव्ही (आजची किंमत) ऋण. प्रत्येक नव्या गणिताआधी जुन्या टीव्हीएम (पैशाच्या कालमूल्याच्या) किमती पुसायच्या, नाहीतर मागच्या बाँडचं कूपन (व्याजाचा हप्ता) पुढच्या गणितात घुसतं.

दुसरी टक्कर प्रश्न सोडून देण्याची. सीएफएत पेपरच्या १३५ मिनिटांच्या एका भागात ९० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ९० सेकंद. अडलं की खूण करून पुढे जायचं, शेवटी परत यायचं. चुकीला उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी ठेवायची नाही. जीमॅटमध्ये उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडतच नाही. विभाग संपवून वेळ उरला तरच मागे जाता येतं, आणि तेव्हाही प्रत्येक विभागात जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. ४५ मिनिटांत क्वांटचे २१, व्हर्बलचे (इंग्रजी वाचन आणि तर्काचे) २३, डेटा इनसाइट्सचे २०. म्हणजे सरासरी दोन मिनिटं. अडीच मिनिटं उलटली आणि वाट दिसत नसेल तर अंदाजाने उत्तर ठोकून पुढे सरका. शेवटचे प्रश्न अर्धवट राहिले तर स्कोअरला जो फटका बसतो, तो एका चुकीपेक्षा महाग पडतो.

तिसरी टक्कर कमी बोलली जाते. जीमॅटच्या क्रिटिकल रीझनिंगमध्ये (परिच्छेदातला तर्क तपासणाऱ्या प्रश्नांत) बरेचदा कंपनीचा नफा, दर, मागणी असलेच परिच्छेद येतात, आणि सीएफए वाचणारा माणूस तिथे आपलं ज्ञान घालतो. परिच्छेदात नाही ते नाही. ‘नफा वाढला, म्हणून विक्री वाढली असणार’ असा पर्याय दिसला की खर्च घटल्यानेही नफा वाढतो एवढंच आठवायचं. लेखानियम, घसारा, कर तिथे आणायचे नाहीत. डेटा सफिशियन्सीत (दिलेली माहिती पुरेशी आहे का, या जीमॅटच्या प्रश्नांत) तर उत्तर काढायचंच नसतं, काढता येईल का एवढंच सांगायचं असतं. सीएफएची सवय असलेले शेवटपर्यंत आकडेमोड करत बसतात आणि मिनिट घालवतात.

दोन्हींत समान काय? संभाव्यता, सरासरी, टक्केवारी, तक्ते वाचणं. तेवढंच. ‘क्वांट दोन्हीकडे आहे, एकदाच करू’ या हिशोबावर विसंबू नका.

चुकांच्या वह्या दोन ठेवा. सीएफएच्या वहीत विषय, सूत्र आणि ‘माहीत नव्हतं की नीट वाचलं नाही’. जीमॅटच्या वहीत किती वेळ लागला, कुठल्या पायरीला घसरलं आणि प्रश्न सोडायला हवा होता का. सीएफएच्या मॉक (सराव परीक्षा) शेवटच्या पाच आठवड्यांत, आठवड्याला एक. पूर्ण साडेचार तासांची, मधल्या विश्रांतीसह. तपासायला तेवढाच वेळ जातो, म्हणून मॉक शनिवारी आणि तपासणी रविवारी. त्या आठवड्यांत रोजचे तास जरा वाढवावे लागतात. जीमॅटच्या अधिकृत सराव परीक्षा मोजक्याच आहेत, त्यांतल्या दोन मोफत. पहिली सुरुवातीला पातळी कळायला, बाकीच्या दहाव्या आठवड्यानंतर.

कागदपत्रांत एक गोष्ट लोक विसरतात. सीएफएची नोंदणी केली म्हणजे केंद्र आणि वेळ मिळाली असं नाही, ती वेगळी निवडावी लागते. वैध ओळखपत्र, सहसा पासपोर्ट, लागतं आणि नोंदणीतलं नाव त्याच्याशी जुळलंच पाहिजे. शिवाय प्रॅक्टिकल स्किल्स मॉड्यूल (प्रात्यक्षिकाचा ऑनलाइन भाग) पूर्ण केल्याशिवाय निकाल हाती येत नाही. ते जीमॅट आटोपल्यानंतरच्या आठवड्यात उरकून टाका. प्रवेश अर्जात स्वतःला ‘लेव्हल वन कँडिडेट’ म्हणता येतं ते नोंदणी झाली असेल तरच. नावापुढे सीएफए लावणं नियमबाह्य, आणि एथिक्सच्या पेपरात नेमका हाच प्रश्न येऊ शकतो.

दहाव्या आठवड्यात जीमॅटच्या सराव परीक्षेचा स्कोअर अपेक्षेच्या बराच खाली असेल तर दोन्ही ओढत नेऊ नका. सीएफए पुढच्या सत्रात ढकलायला मोजकीच कारणं मान्य होतात. जीमॅटची तारीख थोडे पैसे भरून बदलता येते, आणि जितकं लवकर बदलाल तितकं शुल्क कमी. तेव्हा जीमॅट सीएफएनंतर सहा आठवड्यांनी घ्या, रोजची फक्त वीस मिनिटं चालू ठेवा आणि अर्ज पुढच्या फेरीत टाका.