गाठी न होता, कडवटपणा न येता चायनीज लसूण सॉस

घरी केलेल्या चायनीज लसूण सॉसमध्ये बहुधा दोनच गोष्टी बिघडतात: लसूण करपून कडू होतो किंवा कॉर्नफ्लोअरच्या गाठी होतात.

मंडईतून आणलेल्या गावठी लसणाच्या १५-१६ पाकळ्या बारीक चिराव्यात (सोलायला किचकट खऱ्या, पण वास त्यांचाच) आणि तेल तापण्याची वाट न पाहता, कढईत २ मोठे चमचे गार तेल घेऊन त्यातच टाकून मंद आचेवर ठेवाव्यात, म्हणजे लसणाचा स्वाद करपण्याआधीच तेलात उतरतो. कडा जेमतेम पिवळसर होताच त्यात १ चमचा लाल मिरचीची पेस्ट, १ मोठा चमचा सोया सॉस, १ चमचा व्हिनेगर, चिमूटभर साखर आणि १ कप पाणी घालावे. उकळी फुटल्यावर २ लहान चमचे कॉर्नफ्लोअर पाव कप गार पाण्यात कालवून, ओतण्यापूर्वी पुन्हा तळापासून ढवळून, बारीक धारेने सोडावे आणि मिनिटभर सतत हलवत राहावे. गार झाल्यावर सॉस आणखी दाटतो, म्हणून तो किंचित पातळ असतानाच गॅस बंद करावा.

सोया सॉस मुळातच खारट असल्याने मीठ अगदी शेवटी, चव पाहूनच घालावे.