बाहुलीचे कपडे शिवायचे की विकत घ्यायचे? या चुका टाळा

बार्बीच्या एका साध्या फ्रॉकला चोळीच्या अस्तरासकट २० बाय ४५ सेंटिमीटर कापड पुरतं. ११२ सेंटिमीटर पन्ह्याच्या एका मीटरमध्ये असे दहा-बारा फ्रॉक निघतात. तरी इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये शिरलं की हात आवरत नाही आणि चार रंगांचं चार मीटर कापड घरी येतं. मग चाळीस फ्रॉकांचं कापड कपाटात, एक बाहुली फळीवर आणि अंगात मात्र तोच डब्यातून आलेला पोशाख. ‘शिवलं की स्वस्त पडतं’ हा हिशेब पहिल्यांदा इथे चुकतो.

दुसरी चूक म्हणजे ‘सगळं शिवायचं’ किंवा ‘सगळं विकत घ्यायचं’ असं ठरवून टाकणं. निर्णय पोशाखाचा नाही, एकेका नगाचा घ्यावा. बूट, जीन्स, टी-शर्ट, पर्स, चष्मा विकत घ्या. जीन्सच्या दुहेरी टिपेत कापडाचे चार थर एकावर एक येतात आणि २९ सेंटिमीटरच्या बाहुलीवर त्याचा दोरखंड दिसतो. टी-शर्टच्या होजियरीच्या कडा गुंडाळतात आणि झिगझॅग नसलेल्या मशीनवर त्यांना आवरणं कठीण. साडी, परकर, घेरदार फ्रॉक, कुर्ता, ओढणी, शाल हे मात्र घरी करा. ते बाजारात एक तर मिळत नाही, नाही तर चमकी चिकटवलेल्या नेटचं मिळतं.

मापाचा गोंधळ

‘१:६ मापाचे कपडे’ (म्हणजे माणसाच्या मापाच्या एक षष्ठांश) किंवा ‘३० सेंटिमीटरच्या बाहुलीसाठी’ असं लिहिलेलं असलं म्हणजे ते बसतीलच असं नाही. २०१६ पासून बार्बी मूळ बांध्याशिवाय कर्व्ही, टॉल आणि पेटिट अशा आणखी तीन बांध्यांत येते. मूळ बार्बीचा घागरा कर्व्हीच्या कमरेला मिटत नाही, टॉलचा फ्रॉक पेटिटला पायघोळ होतो. ब्लाइथ या दुसऱ्या बाहुलीची उंची बार्बीच्या जवळपास असली तरी बांधा बारीक आणि डोकं अवाढव्य. बार्बीचा फ्रॉक तिला छातीत ढगळ होतो आणि मागून पूर्ण उघडणारा नसेल तर डोक्यातून जाऊच शकत नाही. तिचे कपडे पायाकडून वर चढवावे लागतात. बुटांचंही तसंच: टाच उचललेल्या पायाचे बूट सपाट पायाला चालत नाहीत आणि सपाटचे उचललेल्या पायात राहत नाहीत.

शिवण्याच्या टेपनं बाहुली मोजू नका. कागदाची ५ मिलिमीटर रुंद पट्टी गुंडाळा, पेनानं खूण करा, मग ती सपाट करून फूटपट्टीवर मोजा. छाती, कंबर, नितंब, खांद्यापासून कंबर, कमरेपासून घोटा आणि पंजा मिटलेल्या हाताचा घेर एवढी सहा मापं वहीत लिहून ठेवली की ऑनलाइन मागवलेले अर्धे कपडे परत करायची वेळ येत नाही.

पॅटर्न इंटरनेटवरून उतरवून छापणाऱ्यांची ठरलेली तक्रार असते: ‘मापं तंतोतंत घेतली, तरी पाठ मिटत नाही.’ बहुतेक वेळा दोष छपाईचा असतो. झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर ‘फिट टू पेज’ चालू असेल तर पॅटर्न चार-पाच टक्के आकसतो. माणसाच्या कपड्यात ते शिलाईच्या मायेत लपतं, पण १३ सेंटिमीटरच्या छातीत ६ मिलिमीटर गेले म्हणजे बटणाची अख्खी पट्टीच गेली. ‘अ‍ॅक्चुअल साइज’ किंवा १०० टक्के सांगा आणि पानावर दिलेला चौकोन पट्टीनं मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावू नका. छपाई बरोबर असूनही पाठ मिटत नसेल, तर अस्तराची जाडी धरलेली नसते. मोजलेल्या छातीत ५ ते ६ मिलिमीटर सैलपणा धरा, आणि मागच्या उघड्या बाजूला एकावर एक येण्यासाठी १ सेंटिमीटर वेगळा.

पॅटर्न मिळतच नसेल तर बाहुलीला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळा, वर कागदी मास्किंग टेप चिकटवा, त्यावर पेन्सिलीनं मधली रेघ, कंबर, बगल आणि टक्स आखा, पाठीतून कापून काढा. टेपचे तुकडे सपाट झाले की तोच पॅटर्न. चारी बाजूंनी माया तेवढी वाढवायची.

कापड बाहुलीला शोभत नाही, कारण ते माणसाचं आहे

कापडावरची बुटी सहापट करून पाहायची सवय लावा. १ सेंटिमीटरचं फूल बाहुलीच्या जगात ६ सेंटिमीटरचं होतं. बाघ प्रिंटचं लाल-काळं कापड धार जिल्ह्यातून इंदुरात सहज येतं आणि मोह पडतोच, पण त्यातला मोठा वेल बाहुलीच्या अंगावर पडद्यासारखा दिसतो. त्यातलं घ्यायचंच तर किनारीतली सगळ्यात बारीक बुटी शोधा. जाडी मात्र सहानं भागता येत नाही, ही खरी अडचण आहे. पॉपलिनचा घागरा छत्रीसारखा उभा राहतो. मलमल, लॉन, पातळ कॅम्ब्रिक, जुन्या साडीचा मऊ झालेला पदर हे चालतं. म्हणूनच चुण्याही माणसाच्या हिशेबानं घालू नयेत. आपल्या परकराला कमरेच्या अडीच-तीनपट घेर शोभतो. बाहुलीला दीड ते दोनपट पुरे, नाही तर कमरेशी गाठोडं होतं.

स्वस्तात उत्तम कापड हवं असेल तर पुरुषांचे सुती हातरुमाल पाहा. पातळ असतात आणि कडा आधीच बारीक दुमडलेल्या. घागऱ्याची खालची कड रुमालाच्या कडेवर ठेवून कापली की खाली दुमडायचं कामच उरत नाही. त्या दुमडीतच नवशिक्यांचे फ्रॉक बिघडतात. बारीक विणीचे लहान मुलांचे मोजे स्वेटरला आणि टोपीला. टेलरकडची कतरन फुकट मिळते, पण तिचा रंग कच्चा की पक्का हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि सगळ्यात महाग चूक तिथेच होते.

रंग लागणं

गडद लाल, काळा, नेव्ही ब्लू, गडद हिरवा यांचे डाग बाहुलीच्या अंगावर पडतात. साधारण समजूत अशी की कापड धुतलं, पाणी स्वच्छ निघालं, म्हणजे धोका टळला. तसं नाही. बाहुलीचं व्हिनाइल, म्हणजे अंगाचं प्लास्टिक, मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं मिसळलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि पाण्यात न सुटलेला रंग त्यांत सुटतो. मग तो वर बसत नाही, आत मुरतो. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून सुती कापडाचा रंग ‘पक्का’ होतो हेही विसरा. दुकानातून रंगवून आलेल्या कापडावर त्याचा उपयोग नाही.

चाचणी अशी करा. कोमट पाणी, दोन थेंब साबण, अर्धा तास. मग ओलं कापड पांढऱ्या रुमालात ठेवून गरम इस्त्री. रुमालावर छटा आली तर ते कापड बाहुलीसाठी बाद. छटा आली नाही तरी एखाद्या मोडक्या, स्वस्त बाहुलीच्या पायाला तुकडा घट्ट गुंडाळून दोन आठवडे ठेवा, शक्यतो मे महिन्यात. उन्हाळ्यात रंग लवकर उतरतो. त्यातूनही पास झालेल्या गडद कापडाला आतून पांढऱ्या मलमलीचं पूर्ण अस्तर लावाच. विकत घेतलेल्या काळ्या लेगिंग्ज आणि जीन्स तर दाखवण्यापुरत्या घालून काढून ठेवाव्यात.

डाग पडलाच असेल तर घासू नका, अ‍ॅसिटोन तर मुळीच नाही. ते प्लास्टिकच विरघळवतं. मुरुमांवरच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या मलमाचा थर फक्त डागावर लावून, वरून फिल्म झाकून, उजेडात ठेवायचा आणि रोज पाहायचा. हे काम दिवसांचं आहे. ते मलम रंगवलेला चेहरा, केस आणि कपडे यांचाही रंग उडवतं, म्हणून डोकं आधी झाका. दुर्मीळ, जुन्या बाहुलीवर हा प्रयोग करू नये.

मशीन कापड गिळतं

घरच्या मशीनला सहसा १४ किंवा १६ नंबरची सुई असते. मलमलीला ९ नंबर लावा, फार तर ११. टाका २ मिलिमीटरच्या आत, म्हणजे इंचाला १३ ते १५. मोठ्या टाक्यात गळ्याची गोलाई कोनाकोनाची येते. तुकड्याच्या अगदी टोकापासून टीप सुरू केली की सुई कापड भोकात ओढून नेते. आधी दुसऱ्या चिंधीवर टीप सुरू करा, तीच पुढे खऱ्या तुकड्यावर न्या, दोऱ्याची टोकं मागे धरून. तरीही ओढलं गेलं तर खाली बटरपेपरची पट्टी घालून शिवा आणि नंतर फाडून काढा.

क्रम उलटा केला तर काम हातातच घेता येत नाही. बाहुलीची बाही गोल शिवून मग मुंढ्यात बसवायला जाऊ नका. बोटच आत जात नाही. आधी खांदे जोडा, गळा अस्तरासकट शिवून उलटवा, बाहीची खालची कड दुमडा, बाही सपाट असतानाच मुंढ्याला लावा आणि शेवटी बाहीपासून कमरेपर्यंत बाजूची टीप एकदम मारा. घागऱ्याचंही तेच: खालची कड आधी, मागची टीप नंतर. माया ५ मिलिमीटर ठेवून शिवा, मग गळ्याशी ती २ मिलिमीटर उरेल एवढी कापा आणि गोलाईत टिपेच्या जवळ कात्रीचे बारीक छेद द्या. हे छेद द्यायचे राहून गेले की गळा उभा राहतो. कडेचे धागे सुटू नयेत म्हणून फॅब्रिक ग्लू काडीच्या टोकानं, अगदी थोडा. सिंथेटिक कापडाची कड मेणबत्तीवर वितळवायची युक्ती जुनी आहे, पण तिथे कडक काळी धार राहते आणि ती व्हिनाइलवर ओरखडे काढते.

साडी

साडेपाच मीटरची साडी सहानं भागली तर ९२ सेंटिमीटर येते, रुंदी १९. पण वर सांगितलेली जाडीची अडचण इथे जास्त टोचते. ९२ सेंटिमीटर नेसवली तर बाहुली गरोदर दिसते. ७० ते ७५ घ्या, आणि २ सेंटिमीटरच्या पाचच निऱ्या. काठ मोजून घ्या: खऱ्या साडीचा ५ सेंटिमीटरचा काठ इथे ८ मिलिमीटर होतो. महेश्वरीच्या ओढणीचा बारीक काठ कापून आणला तर छान जमतो; रेशमी ताणा आणि सुती बाणा असल्यामुळे ते कापड निऱ्याही धरतं. पण तिचा रुंद काठ घेतला की साडी गुडघ्यापर्यंत नुसता काठच.

निऱ्या फुगून उभ्या राहतात, कारण एवढ्याशा कापडाला स्वतःचं वजन नसतं. पातळ खळ घालून ओल्या निऱ्या काचेच्या बाटलीवर सुती पट्टीनं बांधा आणि रात्रभर वाळू द्या. बाटलीवरच, बाहुलीच्या अंगावर नव्हे. ओलं रंगीत कापड व्हिनाइलला बांधणं म्हणजे डागाला आमंत्रण. वाळल्यावर वरची कड दोन टाक्यांनी धरून मग नेसवा. दर भाद्रपदात महालक्ष्म्यांना साडी नेसवणाऱ्या हातांना हे पहिल्याच वेळी जमतं.

नऊवारी नेसवायचा हट्ट नको. सव्वाआठ मीटरचे १३७ सेंटिमीटर होतात, कासोट्याचे थर मांड्यांमध्ये येतात आणि बाहुलीचे पाय फाकतात. लहान मुलींना मिळते तशी शिवलेली नऊवारी करा: आत मलमलीची सैल विजार, तिच्यावर पुढच्या निऱ्या आणि मागचा कासोटा वेगळे टाचलेले, पदर सुटा.

विकत घेताना आणि घातल्यानंतर

‘तीस नगांचा संच’ पाहिला की पाठीचा फोटो मागा. निम्मे नग हँगर आणि बांगड्या असतात, आणि कपड्यांना मागे रुंद वेल्क्रो. वेल्क्रोची काटेरी बाजू बाहुलीचे केस कायमचे विस्कटते. कापड आणि रंग बरा असेल तर असा फ्रॉक घ्यावा. रिपरनं वेल्क्रो उसवून ५-६ मिलिमीटरची टिचबटणं, किंवा २ ते ३ मिलिमीटरचा मोती आणि दोऱ्याचा फास लावला की तोच फ्रॉक दुप्पट किमतीचा दिसतो. स्वस्त पितळी हुक मात्र नको. दमट हवेत तो हिरवा पडतो आणि ती हिरवाई व्हिनाइलमध्ये उतरते.

घट्ट बाहीत बोटं अडकली की ओढू नका. पंजावर पातळ पिशवीचा तुकडा गुंडाळा, बाही सरकते. डोक्यातून कपडा जात नाही म्हणून डोकं उपटणाऱ्यांच्या बाहुलीची मान आतून चिरते.

संग्रहातली बाहुली डब्यातून आलेल्या पोशाखासकटच जास्त किमतीला जाते. तो अंगावरून काढलात तर बूट, लेबल आणि इवल्या कानातल्यांसकट एका पाकिटात ठेवा. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून, वर्तमानपत्रात नाही. शेजारी डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतात. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि रेक्झिनचे जाकीट-बूट वेगळे ठेवा; त्यांचा थर दमटपणात चिकट होऊन सुटतो आणि शेजारच्या रेशमाला धरतो. इलास्टिकची कमर किंवा मोजे महिनोन्‌महिने अंगावर राहिले तर मांडीवर वळ उमटतो, तेव्हा फळीवर उभ्या बाहुलीच्या घागऱ्याला इलास्टिकऐवजी टिचबटणच लावा.