वाड्यातली जुनी ओपलाइन फुलदाणी कशी पुसावी

विदर्भातल्या जुन्या वाड्यांत कोनाड्यात दुधी काचेची, फुलं रंगवलेली फुलदाणी कधीमधी सापडते. ती फ्रेंच ओपलाइन (दुधी, अर्धपारदर्शक शोभेची काच) असेल, तर १९व्या शतकातली असू शकते. बाकारा आणि सेंट लुई हे त्यातले नामांकित कारखाने. बल्बसमोर धरा. हाडांच्या राखेने दुधी केलेली काच कडेला तांबूस-नारिंगी झळकते. पण एवढ्यावरून काच फ्रेंच ठरत नाही.

पुसण्याआधी रंग तपासा. डिस्टिल्ड पाण्यात इअरबड किंचित ओला करून खालच्या एखाद्या पानाच्या टोकाला हलकेच टेकवा. कापसावर हिरवा डाग आला, तर रंग भट्टीत भाजलेला नाही. तिथेच थांबा, फक्त मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा.

रंग पक्का असेल तर घमेल्यात जाड टॉवेल अंथरा. एक लिटर कोमट डिस्टिल्ड पाण्यात सौम्य लिक्विड साबणाचे दोन थेंब पुरेत. फुलदाणी बुडवू नका. ओल्या सुती फडक्याने टिपत जा. सोनेरी काठाला साबण लावूच नका, तो सगळ्यात आधी उडतो. बोअरचं पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. चिंच, लिंबू, राख तर नकोच: आंबट पदार्थ रंगाची चकाकी खातात, राख ओरखडे पाडते.

मे महिन्यात तापलेल्या माळ्यावरून काढलेली फुलदाणी रात्रभर खोलीत ठेवा. गरम काचेला गार पाणी लागलं की ती तडकू शकते.