रेत्सु म्हणजे नुसती 'रांग' नव्हे

पुण्यात जपानी भाषेच्या एन-३ परीक्षेची तयारी करताना माझ्या वहीत या जपानी शब्दासमोर लिहिलेलं होतं: रेत्सु = रांग. परीक्षेत ते चाललं. भाषांतराच्या पहिल्याच नोकरीत एका जपानी तक्त्यासोबत सूचना आली, 'तिसऱ्या रेत्सुमधले आकडे बदला.' मी बिनधास्त 'तिसरी आडवी ओळ' असं लिहून पाठवलं. टीमने दोन दिवस भलतेच आकडे बदलले. चूक सर्वस्वी माझी. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

घोळाचं मूळ आपल्या 'लाईन'मध्ये आहे. सेंट्रल लाईन, तिकिटाची लाईन, कवितेची लाईन, सगळं आपण एकाच शब्दात भागवतो. जपानीत रेल्वेमार्ग म्हणजे सेन (यामानोते-सेन), माणसांची रांग म्हणजे रेत्सु, मजकुराची ओळ म्हणजे ग्यो.

तक्त्यात आडवी रो म्हणजे ग्यो आणि उभा कॉलम म्हणजे रेत्सु. लक्षात ठेवायला जपानी लोकांचीच युक्ती आहे: ग्योच्या कांजीत (म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी अक्षरात) उजवीकडे वर दोन आडव्या रेघा दिसतात, रेत्सुच्या कांजीत उजवीकडे दोन उभ्या. हाताने दहा वेळा लिहा. दोन्ही जोडले की 'ग्योरेत्सु', गणितातलं मॅट्रिक्स.

पण 'रेत्सु म्हणजे उभं' असंही घोकू नका! थिएटरात 'माए कारा सान-रेत्सुमे' म्हणजे पुढून तिसरी रांग, आडवी. फलाटावर 'सान-रेत्सु' करून उभं राहायला सांगतात तेव्हा शेजारी-शेजारी तीन रांगा लावायच्या आणि प्रत्येकीत एकामागे एक थांबायचं. तक्ता सोडला तर या शब्दाला स्वतःची दिशा नाही. कशाची रेत्सु, कुठली रेत्सु, हे आधी विचारा. म्हणूनच मागच्या बाजूला एकच अर्थ छापलेल्या फ्लॅशकार्डांवर माझा राग आहे. 'आत्ता पाठ करा, पुढे कळेल' म्हणणाऱ्या शिक्षकांनाही चित्र काढून दाखवायला सांगा. चांगले शिक्षक आनंदाने काढतात.

घाबरू मात्र नका. पंगत, रांग आणि दिंडी यांत मराठी माणूस कधी गोंधळत नाही, तो कान तुमच्याकडे आहेच. ग्योरेत्सु हा शब्द रामेनच्या दुकानाबाहेरच्या रांगेलाही चालतो आणि मिरवणुकीलाही. २२ ऑक्टोबरला क्योतोच्या जिदाई मात्सुरीत (मात्सुरी म्हणजे उत्सव) निघते ती जिदाई ग्योरेत्सु. एदो काळात सरदार लवाजम्यासह प्रवास करत, ती दाइम्यो ग्योरेत्सु. गिओन मात्सुरीतल्या रथांच्या फेरीला मात्र जुन्को म्हणतात आणि अंत्ययात्रेला सोरेत्सु. संचलन म्हणजे कोशिन. त्यातला 'को' म्हणजे आपली ग्योचीच कांजी, उच्चार तेवढा बदलतो. इथे पाठांतराला पर्याय नाही.

रेश्शा (आगगाडी) या शब्दातही रेत्सुच आहे, डब्यांची रांग. रोजच्या बोलण्यात देन्शा म्हणा, म्हणजे विजेची गाडी. तोकुशिमा प्रांतात विजेवरची रेल्वेच नाही, तिथले लोक अजून किशा म्हणतात, म्हणजे वाफेची गाडी. गाड्या 'होन'ने मोजतात, डबे 'र्यो'ने.

आणि जपानमध्ये कुठेही रांग दिसली की आधी विचारा, 'साइकोबी वा दोको देसु का?' साइकोबी म्हणजे रांगेचं शेवटचं टोक. मोठ्या कार्यक्रमांत तिथे उभा असलेला माणूस त्याच शब्दाची पाटी हातात धरून असतो, आणि तुम्ही मागे जाऊन उभे राहिलात की ती तुमच्या हातात देतो.