जुन्या मोटारीची बीडिंग, जाळी आणि मोनोग्राम शोधताना या चुका टाळा

सांगली-मिरज परिसरात जुन्या ॲम्बॅसेडर किंवा फियाटचे इंजिन आणि पत्र्याचे काम करणारे जाणते कारागीर अजून मिळतात. काम अडते ते दारावरची बीडिंग म्हणजे चकचकीत धातूची पट्टी, समोरची जाळी, दिव्यांभोवतीच्या रिंगा आणि डिकीवरचा मोनोग्राम म्हणजे गाडीच्या नावाची धातूची अक्षरे यांच्यापाशी. हे भाग घाईने घेतल्यामुळे मेहनतीने उभी केलेली गाडी शेवटी अस्सल दिसत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे केवळ गाडीच्या नावावर भाग मागणे. ॲम्बॅसेडरचे उत्पादन 2014 पर्यंत चालले आणि तेवढ्या काळात मार्क वन, मार्क टू, मार्क थ्री असे करत तिची जाळी अनेकदा बदलली, त्यामुळे ‘ॲम्बॅसेडरची जाळी’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आज गाडीवर असलेली जाळीही पुरावा मानू नये, कारण अपघातानंतर जी हाती लागली ती बसवण्याची पद्धत सर्रास होती. चेसिस क्रमांकाची पट्टी, नोंदणीचे वर्ष आणि घरातील जुनी छायाचित्रे आधी ताडून पाहावीत. रंग उतरवल्यावर पुट्टीखाली बुजलेली मूळ बीडिंगची भोके दिसतात; डेंटरने (पत्रा सरळ करणाऱ्या कारागिराने) ती वेल्डिंगने बंद करण्यापूर्वी त्यांची अंतरे मोजून लिहून ठेवावीत, कारण यापेक्षा विश्वासार्ह साक्ष दुसरी नाही.

फियाटच्या बाबतीत इटलीतून भाग मागवण्याचा मोह होतो. तिथल्या गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असते, त्यामुळे डॅशबोर्डवरील पट्ट्या आपल्या गाडीत उलट्या पडतात. बाहेरचे भागही मापे जुळवल्याखेरीज मागवू नयेत.

धातू न ओळखता भाग निकल-क्रोमच्या मुलाम्यासाठी टाकणे ही चूक मात्र भरून निघत नाही. चुंबक चिकटला की लोखंड, असे अनेकजण समजतात. परंतु गाड्यांच्या पट्ट्यांसाठी वापरले जाणारे काही स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटते. अशा पट्टीला क्रोमची गरजच नसते. पोचे मागून हळुवार ठोकून काढावेत आणि पॉलिश करावे, तेवढ्याने तिची मूळ झळाळी परत येते. मोनोग्राम आणि दाराची हँडले बहुधा जस्ताच्या डाय-कास्टिंगची, म्हणजे धातूच्या साच्यात दाबाने ओतलेली असतात. ती चुंबकाला चिकटत नाहीत, पण ॲल्युमिनियमपेक्षा बरीच जड लागतात. त्यांना लोखंडासारखे तीव्र आम्लात बुडवले, तर बारीक खड्डे खोल होत जातात आणि अक्षरांच्या कडा झिजतात. जस्तावर आधी तांब्याचा थर देणारा कारागीर मिळेपर्यंत थांबावे. तो न मिळाल्यास डागाळलेला मूळ भाग तसाच बसवणे मला अधिक योग्य वाटते.

2019 च्या महापुरात बुडालेल्या गाड्यांचे भागही बाजारात येतात. समोरून स्वच्छ दिसणाऱ्या पट्टीच्या मागच्या घडीत गाळ आणि क्लिपांचा गंज साठलेला असतो, म्हणून पैसे देण्यापूर्वी मागची बाजू पाहावी. पुण्याचा जुना बाजार असो वा कोलकात्याचा मल्लिक बाजार, दुरून खरेदी करताना मागच्या बाजूचे आणि शेजारी मोजपट्टी ठेवलेले छायाचित्र मागावे. मोनोग्रामच्या मागे ओतीव खुंट्यांऐवजी चिकटपट्टी आढळली, तर ती नक्कल समजण्यास हरकत नाही.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायची असल्यास ती मूळ स्वरूपात असावी लागते. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वीची छायाचित्रे आणि काढलेला प्रत्येक भाग, तुटका असला तरी, चिठ्ठी लावून जपून ठेवावा.

हाच तुटका भाग पुढे नमुना म्हणून उपयोगी पडतो. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून या जिल्ह्याला ओतकामाची परंपरा आहे, आणि कुठेच न मिळणारा लहान भाग पितळेत ओतून घेता येतो. मात्र जुना भाग जसाच्या तसा साच्यासाठी देऊ नये. पितळ थंड होताना सुमारे दीड टक्का आकसते, म्हणजे तीस सेंटिमीटरची पट्टी चार-पाच मिलिमीटर आखूड निघते आणि भोके जुळत नाहीत. नमुना तेवढा वाढवून घ्यावा आणि तयार भागाच्या मागे ओतल्याचे वर्ष कोरावे, म्हणजे पुढे तो कोणाला मूळ भाग म्हणून विकता येणार नाही.